हेलियमचा चौकोन: एका वायूच्या मागोमाग अणूच्या आत

आज आपल्याला ११८ मूलद्रव्यं माहीत आहेत. त्यांपैकी पृथ्वीवर हाती लागण्याआधी सूर्यावर दिसलेलं मूलद्रव्य एकच, ते म्हणजे हेलियम. शाळेत ‘हायड्रोजन, हेलियम, लिथियम’ असं आपण एका दमात म्हणून टाकतो आणि पुढच्या चौकोनाकडे वळतो. पण मूलद्रव्य म्हणजे नेमकं काय, आवर्तसारणी कशाच्या आधारावर मांडली आहे आणि अणूच्या आत काय चालतं, हे तिन्ही प्रश्न समजून घ्यायचे असतील तर त्या दुसऱ्या चौकोनापाशी थोडं थांबावं असं मला मनापासून वाटतं. हा वायू जळत नाही, त्याला रंग नाही, वास नाही, तो आम्लाला किंवा धातूला दाद देत नाही. रसायनशास्त्राच्या नेहमीच्या कुठल्याही परीक्षेत तो सापडणं शक्यच नव्हतं. तो सापडला तो त्याच्या प्रकाशामुळे.

प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याची युक्ती आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसते. डाळीचं किंवा भाताचं मीठ घातलेलं पाणी उतू जाऊन शेगडीवर सांडलं की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. रस्त्यांवर एलईडी येण्याआधी जे पिवळट दिवे असायचे त्यांचा रंगही सोडियमचाच. दिवाळीच्या फटाक्यांमधला हिरवा बेरियमचा, लाल स्ट्रॉन्शियमचा. हा प्रकाश लोलकातून नेला तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसत नाही. काळोखात ठरावीक जागी उमटलेल्या काही बारीक, तेजस्वी रेषा दिसतात. हायडलबर्गमध्ये बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी १८५९-६० च्या सुमारास दाखवून दिलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांचा संच वेगळा असतो आणि दुसऱ्या कोणाशी तो जुळत नाही. या पद्धतीनेच त्यांनी सिझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यं शोधली. म्हणजे पदार्थ हातात नसला तरी चालेल, त्याचा प्रकाश पोचला की पुरे. मग सूर्य का सोडायचा?

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होतं आणि चंद्राची सावली आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरून दख्खन ओलांडत मछलीपट्टणच्या बाजूने बाहेर पडणार होती. वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशाचा असा रेषांचा पट (वर्णपट) दाखवणारं उपकरण, घेऊन खगोलशास्त्रज्ञ जागोजागी तळ देऊन बसले. जॉन हर्शेल जमखंडीला होते, फ्रेंच शास्त्रज्ञ पियर जान्सेन गुंटूरला. सूर्याची तबकडी झाकली गेली की तिच्या कडेवरून वर उसळणाऱ्या तप्त वायूंच्या ज्वाला दिसतात. त्यांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा आढळल्या, याचा अर्थ त्या ज्वाला वायूच्याच होत्या. रेषा इतक्या ठळक होत्या की त्या ग्रहणाशिवायही दिसतील असं जान्सेन यांना वाटलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तसं करून दाखवलं. इकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी स्वतंत्रपणे तीच युक्ती साधली आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी भर उन्हात त्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यात एक पिवळी रेषा होती. आधी ती सोडियमचीच वाटली, पण नीट मोजल्यावर ती सोडियमच्या जोडरेषेपासून थोडी बाजूला निघाली. सोडियमच्या रेषांची तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, हिची ५८७.६. पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्ञात मूलद्रव्याची रेषा त्या जागी येत नव्हती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे ती वारंवार वेगळी सांगितली जाते. लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला, असं आपण ऐकतो. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवले जातात, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. पण त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर भारतात नव्हते. ते विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्या मोहिमेचा त्यांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध आहे. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला वेधशिबिर उभारलं होतं. विजयदुर्गाचा या इतिहासाशी संबंध खरा आहे आणि अभिमान वाटावा असा आहे, फक्त त्याचं साल १८९८ आहे. तोपर्यंत हेलियम लंडनमधल्या प्रयोगशाळेत, काचेच्या नळीत येऊन पोचला होता.

पण ती पिवळी रेषा नव्या मूलद्रव्याची, हे कशावरून? लॉकियर यांनी सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव सुचवलं, तरी त्यांच्यासोबत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांचीच खात्री पटलेली नव्हती. हायड्रोजनच प्रचंड उष्णतेत काहीतरी वेगळं करत असेल, असं अनेकांना वाटायचं. मला हा संशय योग्य वाटतो. मूलद्रव्य म्हणजे ज्याचं कुठल्याही रासायनिक क्रियेने आणखी साध्या पदार्थांत विघटन होत नाही असा पदार्थ, ही तेव्हाची व्याख्या होती. पाणी फोडलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळतात, म्हणून पाणी हे संयुग. पण हायड्रोजन पुढे फुटत नाही, म्हणून ते मूलद्रव्य. जो पदार्थ कोणी पाहिलेला नाही, तोललेला नाही, त्याला ही कसोटी लावायची कशी?

याच सुमारास, १८६९ साली, सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री मेंडेलीव्ह यांनी तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्यं अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली. अणुभार म्हणजे एका अणूचं दुसऱ्याच्या तुलनेतलं वजन: हायड्रोजन १, कार्बन १२, ऑक्सिजन १६. ओळीने मांडत गेल्यावर ठरावीक अंतराने सारख्या स्वभावाची मूलद्रव्यं पुन्हा पुन्हा येतात. लिथियम, मग सोडियम, मग पोटॅशियम: तिन्ही मऊ धातू, तिन्ही पाण्यात टाकले की उसळतात. ही पुनरावृत्ती म्हणजेच आवर्तन. आडव्या ओळींना आवर्त म्हणतात आणि सारख्या स्वभावाच्या उभ्या स्तंभांना गण. मेंडेलीव्ह यांचं धाडस असं की जिथे स्वभाव जुळेना तिथे त्यांनी जागा मोकळी सोडली आणि तिथे येणाऱ्या मूलद्रव्याचे गुणधर्म आधीच लिहून ठेवले. सिलिकॉनच्या खालच्या रिकाम्या जागेसाठी त्यांनी अणुभार ७२ सांगितला होता. १८८६ साली जर्मनीत क्लेमेन्स विंकलर यांना जर्मेनियम सापडलं आणि त्याचा अणुभार ७२ च्या किंचित वर निघाला. गॅलियम आणि स्कँडियम यांनीही असंच भाकीत खरं केलं.

हेलियमसाठी मात्र या मांडणीत रिकामी जागासुद्धा नव्हती. एखादा चौकोन मोकळा दिसला तर निदान शोध तरी घेता येतो. इथे पूर्ण स्तंभच गायब होता. त्या गणातलं एकही मूलद्रव्य कोणाशी संयोग पावत नसल्यामुळे एकाचीही ओळख पटली नव्हती आणि म्हणून स्तंभ आहे ही शंकाही कोणाला आली नव्हती.

तो स्तंभ उघडकीला आला वजनातल्या एका क्षुल्लक फरकामुळे. लॉर्ड रॅले यांच्या ध्यानात आलं की हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन अमोनियापासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरतो. एवढा फरक चुकीच्या खात्यात टाकून सहज पुढे जाता आलं असतं, पण रॅले गेले नाहीत. विल्यम रॅम्से यांच्या साथीने त्यांनी हवेतला नायट्रोजन काढून टाकला तेव्हा खाली थोडा वायू उरला, आणि तो कशाशीही क्रिया करेना. १८९४ साली त्यांनी आर्गॉनची घोषणा केली. आपल्या प्रत्येक श्वासातल्या हवेत जवळजवळ १ टक्का आर्गॉन आहे, कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त, आणि तोवर तो कोणाला माहीत नव्हता! १७८५ साली हेन्री कॅव्हेंडिश यांना असाच न विरघळणारा छोटा बुडबुडा उरलेला दिसला होता आणि त्यांनी त्याची प्रामाणिक नोंदही केली होती. ती नोंद शंभर वर्षं तशीच पडून राहिली.

आता रॅम्से आर्गॉनचे आणखी साठे शोधू लागले. युरेनियमच्या क्लेव्हाइट नावाच्या खनिजावर आम्ल ओतलं की एक निष्क्रिय वायू सुटतो, असं त्यांच्या कानावर आलं. मार्च १८९५ मध्ये त्यांनी तो वायू गोळा करून नळीत भरला, त्यातून वीज सोडली आणि वर्णपट पाहिला. त्यात पिवळी रेषा होती, सोडियमच्या जोडीपासून थोडी बाजूला. विल्यम क्रूक्स यांनी मोजून सांगितलं की ही तीच, सूर्यावरची रेषा. सत्तावीस वर्षं केवळ प्रकाशात असलेलं मूलद्रव्य आता तोलता येत होतं. त्याचा अणुभार ४ निघाला. १८९८ साली रॅम्से आणि त्यांचे सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवा हळूहळू उकळवून क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन वेगळे केले आणि हेलियमपासून झेनॉनपर्यंतचा स्तंभ उभा राहिला.

मेंडेलीव्ह यांना आर्गॉन सुरुवातीला मुळीच पटला नव्हता. तो नायट्रोजनच्या तीन अणूंचा रेणू असावा असं त्यांचं मत होतं. पुढे त्यांनी तो गण स्वीकारला. पण आर्गॉनने एक गुंता सोबत आणला होता. त्याचा अणुभार ३९.९५ आणि पोटॅशियमचा ३९.१. वजनाच्या क्रमाने बसवलं तर पोटॅशियमसारखा उसळणारा धातू निष्क्रिय वायूंच्या स्तंभात जातो आणि आर्गॉन सोडियमच्या खाली येतो, जे उघडच चूक आहे. टेल्युरियम आणि आयोडीन यांच्यातही हाच घोळ होता. म्हणजे क्रम बरोबर होता, पण क्रमाचं कारण वजन नव्हतं. दुसरं काहीतरी होतं, आणि ते अणूच्या आत होतं.

अणूच्या आत जाण्याची वाट पुन्हा हेलियमनेच दाखवली, आणि या गोष्टीचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. युरेनियम, रेडियम यांसारख्या किरणोत्सारी मूलद्रव्यांतून अल्फा कण बाहेर पडतात. मँचेस्टरमध्ये अर्नेस्ट रदरफर्ड आणि टॉमस रॉइड्स यांनी इतकी पातळ काचेची नळी बनवली की वेगवान अल्फा कण तिच्यातून आरपार जातील, पण साधा वायू जाणार नाही. आत किरणोत्सारी वायू भरला, बाहेर निर्वात पोकळी ठेवली आणि काही दिवसांनी त्या पोकळीत वीज सोडली. तिथे हेलियमची पिवळी रेषा उमटली. अल्फा कण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियमचा अणूच, हे त्यातून सिद्ध झालं. क्लेव्हाइटमध्ये हेलियम का होता याचं उत्तरही त्यातच मिळालं: खनिजातल्या युरेनियमनेच तो कणाकणाने तयार केला होता.

मग हेच अल्फा कण हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडन यांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर सोडले. बहुतेक सरळ पार गेले, पण अगदी मोजके एकदम मागे उलटले. १९११ साली रदरफर्ड यांनी त्याचा अर्थ लावला. अणूचं जवळजवळ सगळं वजन आणि सगळा धन विद्युतभार मध्यावरच्या एका अतिसूक्ष्म अणुकेंद्रात एकवटलेला आहे, आणि ऋणभारित इलेक्ट्रॉन त्यापासून कितीतरी लांब आहेत. अणुकेंद्र खसखशीच्या दाण्याएवढं धरलं तर अणूची कड काही दशक मीटर दूर येते. मधल्या जागेत वस्तू म्हणावी असं काही नाही.

धनभार किती, हा पुढचा प्रश्न हेन्री मोझली या तरुणाने सोडवला. १९१३ साली त्याने एकामागून एक मूलद्रव्यांतून निघणारे क्ष-किरण मोजले. त्यांच्या कंप्रतेचं (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येचं) वर्गमूळ एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना सारख्याच अंतराने वाढतं, असं त्याला आढळलं. अणुकेंद्रातला भार दर चौकोनाला बरोबर एकाने वाढतो आहे. हा आकडा म्हणजे अणुअंक, अणुकेंद्रातल्या प्रोटॉनची संख्या. आर्गॉन १८, पोटॅशियम १९, गुंता संपला. अणुकेंद्रात प्रोटॉनसोबत न्यूट्रॉनही असतात (ते जेम्स चॅडविक यांना १९३२ साली सापडले). ते वजन वाढवतात पण भार नाही. नेहमीच्या आर्गॉनमध्ये २२ न्यूट्रॉन असतात, नेहमीच्या पोटॅशियममध्ये २०, म्हणून आर्गॉन जड. मोझलीच्या मोजणीवरून ४३, ६१ आणि ७५ या जागा रिकाम्या आहेत हेही सांगता आलं, आणि त्या तिन्ही पुढे भरल्या. मोझली स्वतः १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. पहिल्या महायुद्धाने विज्ञानाचं जे नुकसान केलं त्यात याहून मोठं नाव मला सुचत नाही.

आता मूलद्रव्याची नवी व्याख्या किती सोपी झाली पाहा. ज्याच्या अणुकेंद्रात २ प्रोटॉन तो हेलियम. न्यूट्रॉन २ असोत की १, तो हेलियमच राहतो. फक्त वजन बदलतं, आणि अशा भावंडांना समस्थानिकं म्हणतात. प्रोटॉन ३ झाले की ते लिथियम. मध्ये अडीच वगैरे काही नसतं. त्यामुळे हेलियम आणि लिथियम यांच्या मध्ये एखादं मूलद्रव्य राहून गेलं असेल का, अशी शंकाच उरत नाही.

प्रोटॉन ओळख ठरवतात, तर वागणूक ठरवतात इलेक्ट्रॉन. सुट्या अणूत जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन असतात, आणि ते ऊर्जेच्या ठरावीक पातळ्यांवरच राहू शकतात. शाळेच्या पुस्तकात या पातळ्यांच्या गटांना कवचं म्हणतात. पहिल्या कवचात दोनच इलेक्ट्रॉन मावतात, म्हणून आवर्तसारणीच्या पहिल्या ओळीत दोनच चौकोन आहेत. पुढच्या ओळींची लांबी ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी आहे, आणि ती कोणी सोयीसाठी ठरवलेली नाही. इलेक्ट्रॉनची जागा भरण्याचा क्रमच तसा आहे.

सोडियमकडे ११ इलेक्ट्रॉन, मांडणी २, ८, १. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन सैल असतो, सहज सुटतो. क्लोरीनकडे २, ८, ७, एकाची कमतरता. सोडियमचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला की दोघांची बाहेरची कवचं भरलेली राहतात आणि विरुद्ध भारांमुळे दोघं एकमेकांना धरून ठेवतात. आपलं मीठ ते हेच. हेलियमचं एकुलतं एक कवच दोन इलेक्ट्रॉननी आधीच भरलेलं आहे. त्याला कोणाचं काही नको असतं, आणि त्याच्याकडून काढून घेणं तर सगळ्यांत अवघड: सर्व मूलद्रव्यांत पहिला इलेक्ट्रॉन ओढून काढायला हेलियमला सर्वाधिक ऊर्जा लागते. शेजारच्या हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, कवच अर्धवट, म्हणून तो ऑक्सिजनशी भडक्याने संयोग पावतो. फुग्यांत हेलियमऐवजी स्वस्त पडतो म्हणून हायड्रोजन भरतात, तेव्हा फुगा तितकाच छान उडतो, पण ठिणगी पडली की मुलांचे हात-चेहरे भाजतात. फुगे विकत घेताना आत काय आहे हे जरूर विचारा.

एक प्रश्न चांगला विद्यार्थी विचारतोच. हेलियमच्या बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन आहेत, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्याही बाहेरच्या कवचात दोनच असतात, मग हेलियम त्यांच्या गण २ मध्ये का नाही? नुसती संख्या पाहिली तर तो तिथे शोभेल. पण मॅग्नेशियमच्या बाहेरच्या कवचात आणखी जागा शिल्लक असते, हेलियमच्या कवचात ती नसते. किती आहेत यापेक्षा भरलं आहे की नाही हे इथे महत्त्वाचं, म्हणून तो थेट उजव्या टोकाला, गण १८ मध्ये निऑनच्या वर बसतो. माझ्या मते सारणीतला हा सर्वांत विचारपूर्वक बसवलेला चौकोन आहे.

राहिली ती पिवळी रेषा. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येतो तेव्हा मधल्या फरकाइतकी ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडतो, ही कल्पना नील्स बोर यांनी १९१३ साली मांडली. पातळ्या ठरावीक, म्हणून फरक ठरावीक, म्हणून रंगही ठरावीक. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणुकेंद्रातला भार वेगळा, त्यामुळे पातळ्या वेगळ्या आणि रेषाही वेगळ्या. हेलियमची ५८७.६ नॅनोमीटरची रेषा इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर येताना निघते. पण त्यासाठी आधी तो पहिल्या पातळीवरून उठायला हवा, आणि त्याला सोडियमच्या पिवळ्या रेषेसाठी लागते त्याच्या सुमारे दहापट ऊर्जा लागते. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावर तेवढी ऊर्जा हेलियमला मिळत नाही, म्हणून नेहमीच्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात हेलियमचा ठसा जवळजवळ दिसतच नाही, जरी सूर्याचं सुमारे पाव वजन हेलियमचं असलं तरी. कडेवरच्या उसळत्या ज्वालांमध्ये मात्र ती ऊर्जा असते. म्हणून ती रेषा तिथेच दिसली.

फ्रँकलंड यांचा संशय योग्य होता असं मी वर म्हटलं, त्याचा पुरावाही आहे. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात, म्हणजे त्याच्याभोवतीच्या सर्वांत बाहेरच्या तप्त वातावरणात, एक अनोळखी हिरवी रेषा दिसली. हेलियमच्याच धर्तीवर तिला ‘कोरोनियम’ या नव्या मूलद्रव्याचं नाव मिळालं आणि सुमारे सत्तर वर्षं लोक त्याचा शोध घेत राहिले. पण आवर्तसारणीत रिकामी जागा उरली नव्हती. शेवटी कळलं की ते आपलं साधं लोखंड आहे, प्रभामंडलातल्या दहा लाख अंशांच्या उष्णतेत तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं. प्रोटॉन २६ च, त्यामुळे मूलद्रव्य तेच; इलेक्ट्रॉन बदलले, त्यामुळे रेषा बदलली.

पृथ्वीवरचा हेलियम आजही तसाच तयार होतो. खडकांतलं युरेनियम आणि थोरियम अल्फा कण सोडतं, त्या कणाला वाटेत दोन इलेक्ट्रॉन मिळतात आणि हेलियमचा अणू तयार होतो. काही हेलियम जमिनीखालच्या नैसर्गिक वायूच्या साठ्यांत अडकतो आणि जगाला लागणारा हेलियम मुख्यतः तिथूनच काढला जातो. पश्चिम बंगालमधल्या बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांतून निघणाऱ्या वायूतही तो आहे. हवेत सुटलेला हेलियम इतका हलका असतो की पृथ्वी त्याला कायमची धरून ठेवू शकत नाही. हवेच्या दहा लाख भागांत तो जेमतेम पाच भाग आहे. आणि तो ज्या कामासाठी सर्वाधिक हवा असतो त्याचं कारणही त्याच भरलेल्या कवचात आहे: अणूंना एकमेकांची ओढ इतकी कमी की तो उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत द्रवच होत नाही. एमआरआय यंत्रातल्या चुंबकाची वेटोळी विजेला शून्य रोध करतात ती तेवढ्या थंडीतच, आणि तेवढी थंडी मुख्यतः द्रव हेलियमनेच मिळवली जाते.